व्हिन्सेंटची बाटली

लघवीच्या तिन्ही बाटल्यांत मधुमेहाच्या एकाच गोळीचा अंश सापडला, तेव्हा लॅबमधल्या हेमांगीनं नमुने पुन्हा मशीनला लावले.

पुन्हा तेच. पहिली बाटली बावीस वर्षांच्या पॅकरची, दुसरी तिशीतल्या फिटरची, तिसरी व्हिन्सेंटची. गोखिवऱ्याच्या झुरळमार औषधाच्या कारखान्यात तिघं सोमवारी एकाच वेळी कोसळले होते. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आणि आता बुधवारी तिघांच्या लघवीत एकच गोळी, एकाच मापात. विषाचा मात्र पत्ता नाही.

झुरळमार औषधातलं विष म्हणजे युद्धात वापरतात त्या नर्व्ह एजंटचा गरीब चुलतभाऊ. दोघंही नसांवर बसतात, शरीरात फुटतात आणि त्यांचे तुकडे लघवीतून बाहेर पडतात. ते तुकडे हुडकायला लॅबनं हे मशीन थाटामाटात आणलं होतं. हार घातला, पेढे वाटले, आणि मग चार वर्षं त्याच्यावर वांगी-भेंडी तपासली. पहिलीच खरी केस आली ती कारखान्याचा मॅनेजर रोनाल्डच्या गाडीतून, पापलेटाचा वास मारणाऱ्या बर्फाच्या डब्यात.

"सर, ही तीन माणसं नाहीत," हेमांगी लॅबचे मालक आल्बर्ट सरांना म्हणाली. "हा एकच माणूस आहे."

"कोण?"

"तुमच्या केबिनमध्ये बिनसाखरेचा चहा पितोय तो."

सरांनी काचेतून बघितलं. रोनाल्डनं कप उंचावून सलाम केला.

"आपल्याकडे बाटली येते, हेमांगी. माणूस येत नाही. बाटलीत आहे ते लिहायचं."

"मग मधुमेह लिहू?"

"तो कोणी विचारलाय?"

रिपोर्ट शनिवारी सरकारी साहेबाकडे जायचा होता. 'विष नाही' असा गेला की सोमवारी कारखाना चालू, चाळीस माणसं परत त्याच वासात. व्हिन्सेंटच्या कागदावर तर दवाखान्यानं 'दारूचा अंमल' लिहून त्याला घरी पाठवूनही दिलं होतं.

गुरुवारी हेमांगी जेवणाच्या सुट्टीत रिकामी सीलबंद बाटली पर्समध्ये टाकून माणिकपूरला त्याच्या घरी गेली. व्हिन्सेंटची बायको रेजिना मोरीत कपडे धूत होती. कारखान्याचा निळा युनिफॉर्म, उशांचे अभ्रे, चादरी, सगळं एकाच बादलीत. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, हात थरथरत होते. नवरा असा पडल्यावर दुसरं काय होणार, हेमांगीला वाटलं.

"वहिनी, दादांची लघवी पाहिजे होती."

ही गोष्ट मागायची गोड रीत अजून कोणाला सापडलेली नाही.

"परत? कंपनीवाले नेली बोलले ना?"

"त्यांनी भलत्याचीच नेली. म्हणून मी स्वतः आले. ही बाटली दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही."

रेजिनानं बाटली उलटसुलट करून बघितली. "यात काय काय दिसतं, बाय?"

"सगळं."

"सगळं म्हंजे?"

"माणूस लपवतो तेसुद्धा."

रेजिना बाटली घेऊन आत गेली. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला. खोलीतून व्हिन्सेंट एकदा खोकला. बाटली आली ती पेपरात गुंडाळून, पिशवीत, वर पसाभर सुकेळी, उन्हात सुकवलेली केळी, ठेवून. लेबलवर 'नमुना कोणासमोर घेतला' असा रकाना होता. परक्या पुरुषामागं मोरीत कोण जाणार? हेमांगीनं तिथं स्वतःचं नाव लिहून टाकलं. रोनाल्डच्या लबाडीपुढं हे किती, असं म्हणत तिनं रिक्षात एक सुकेळी खाल्ली.

शुक्रवारी मशीननं रेघ काढली ती सरळ वर, स्क्रीनच्या बाहेर. विषाचे तुकडे खच्चून भरले होते. मधुमेहाची गोळी नावालाही नाही.

आल्बर्ट सरांनी आधी दार लावलं, मग पंखा वाढवला. "ही बाटली कुठनं आली?"

"बाटलीत आहे ते लिहायचं, सर."

सरांनी तीन पेनं बदलली. तिसरंही चांगलं चालायला लागलं तेव्हा नाइलाजानं सही केली.

शनिवारी कारखान्याला सील लागलं. रोनाल्ड सरकारी साहेबांसमोर म्हणत राहिला की बाटल्यांची अदलाबदल झालीय. ते त्याच्याएवढं कोणाला माहीत असणार? दवाखान्यानं 'दारू' खोडून 'विषबाधा' लिहिलं आणि रुग्णवाहिका पाठवून व्हिन्सेंटला परत नेलं. हेमांगी घरी जाताना स्वतःशीच हसली. चार वर्षांत पहिल्यांदा ते मशीन माणसाच्या कामाला आलं होतं.

रविवारी दहाची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या फाटकाशी रेजिनानं तिला गाठलं.

"तुझे लय उपकार, बाय. ह्यांना बरं वाटतंय, डॉक्टर बोलले वाचतील. पन एक पाप राहिलंय. फादरकडे कन्फेशन केलं, आता तुला सांगते."

"पाप कसलं, वहिनी?"

"त्या बाटलीत ह्यांची नव्हती." रेजिनानं रुमालानं डोळे पुसले. "पडायच्या आदल्या सांजेला ह्यांनी दोन घोट घेतलेले. तू बोलली सगळं दिसतं. म्हटलं, दारू दिसली तर दवाखानेवाल्यांचंच खरं ठरेल. म्हनून मी माझी भरून दिली. मी ना कधी दारूला शिवले, ना त्या कारखान्याची पायरी चढले. ह्यांचे कपडे तेवढे धुते."