काळ्या पिशव्यांचा दिवस

"सात वाजता कोण तडमडतं रे?" टीमच्या कपाटांची खोली सांभाळणाऱ्या डोरीन मावशीने लाईलच्या अंगावर कचऱ्याची काळी पिशवी फेकली. "टीम दहाला येणारे."

"म्हणूनच," लाईल म्हणाला.

सीझन संपला की प्रत्येकाने आपलं कपाट रिकामं करायचं आणि कचऱ्याच्या पिशवीत भरून घरी न्यायचं. जाता जाता एकमेकांच्या हेल्मेटवर सह्या घ्यायच्या. वीस वर्षं मावशीच पिशव्या वाटते. कप जिंकला तरी पिशवीच मिळते, पण तेव्हा पोरं ती डोक्यावर घेऊन नाचतात.

ह्या वर्षी नाचणार होते. अठरातल्या सोळा मॅच जिंकलेल्या. पेपरवाले लिहायचे, फायनल खेळायची तरी कशाला, कप पोस्टाने पाठवा.

परवा फायनलच्या शेवटच्या सेकंदाला स्कोअर तेवीस-तेवीस होता. समोरच्यांची किक खांबांच्या बाहेरून गेली आणि बॉल गोलखांबांमागच्या पट्टीत लाईलच्या हातात आला. हा कॅनडाचा फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळायचा; इथलं शेंबडं पोर पण सांगेल, अशा वेळी बॉल किक मारून बाहेर घालवायचा. पट्टीच्या आत पकडला गेलास की समोरच्यांना फुकटचा एक पॉइंट. लाईलने किक मारली नाही. तो पळाला. पट्टीच्या रेषेच्या वीतभर आत तिघांनी त्याला लोळवला.

एका पॉइंटने गेला कप.

लाईल बूट, मोजे, हेल्मेट, जे हाताला येईल ते पिशवीत कोंबत होता. तेवढ्यात दार वाजलं. आयझाया ब्रूसार्ड. टीमचा कॅप्टन, छत्तीस वर्षांचा, गुडघ्याला पट्टा. हा त्याचा शेवटचा सीझन, हे सगळ्यांना माहीत होतं. तो कॉफी घेऊन समोरच्या बाकावर बसला.

"लवकर आलास," तो म्हणाला.

"तू पण, कॅप्टन."

"मी लुइझियानाचा. आमच्या अमेरिकेत हा एका पॉइंटचा नियमच नाही. तरी इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात शिकलो. आणि तू तासाभरावरच्या गावातला. गाढवा, तू तर चालायच्या आधी शिकला असशील!"

"ए, माझ्या खोलीत भांडायचं नाही," मावशी ओरडली.

लाईलने हातातला बूट आपटला. "वाट दिसली मला! डावीकडे सगळं मोकळं होतं!"

"माहितीये," ब्रूसार्ड म्हणाला. "मला पण दिसली."

त्याने कॉफीच्या ग्लासाचं झाकण काढलं, परत लावलं.

"मी मैदानाच्या कडेला उभा होतो. 'पळ' म्हणून ओरडलो. दोनदा." त्याने वर बघितलं. "ऐकलंस तू?"

चार वर्षं लाईल ह्या आवाजावर पळत होता. आख्खं स्टेडियम बोंबलत असलं तरी त्याला तो आवाज वेगळा कळायचा.

"नाही," तो म्हणाला. "काय गोंगाट होता. कोण काय ऐकणार."

ब्रूसार्ड उठला, लाईलच्या पिशवीतून हेल्मेट ओढून काढलं, मार्करचं टोपण दातांनी उपटलं आणि सही केली. बरोबर पुढे, कपाळावर. तिथे सहसा कोणी करत नाही.

"आता तू माझ्यावर कर," त्याने स्वतःचं हेल्मेट पुढे केलं. "मोठी कर. कोपऱ्यात लपवून नको."

लाईलने केली. नाव वाकडं आलं.

बाहेर बर्फात गाड्यांची दारं आपटायला लागली. एक, दोन, मग चार-पाच. आठ पण वाजले नव्हते. लवकर येऊन गुपचूप सटकायचं, हे सगळ्यांनाच सुचलं होतं.

"मागच्या दाराने जा हवं तर," मावशी हळूच म्हणाली. "चावी आहे माझ्याकडे."

लाईलने पिशवीला गाठ मारली आणि पायाने ती बाकाखाली सारून बाकावर बसला.