नाही म्हणायची रीत

पडद्यावर काळा चष्मा घातलेली मेंढी. खाली ओळ: मी कळपात नाही.

पंख्याच्या पात्याला अडकलेला लाल फुगा.

पांढरा लिननचा कोट, पहिल्यांदाच अंगात.

तीन मजली केकवर घोंगावणारी गांधीलमाशी.

"नाही!" सगळा वर्ग, हात पुढे करून, एका सुरात. पुन्हा. "नाही!"

शेवटच्या रांगेतला एक आवाज मागे पडला. नावाआधी लिसेन्सियादो ही पदवी लावणाऱ्या एवारिस्तो कांतोराल यांनी, म्हणजे मुलांच्या लिकनी, टाळी वाजवून सगळ्यांना थांबवलं.

"इत्सेल, बाळ, तुझ्या या 'नाही'ला कुत्रंसुद्धा घाबरणार नाही. नजर वर. आवाज पोटातून. उद्या मित्रांनी बाटली पुढे केली, तर अशीच कुजबुजणार आहेस?"

वर्ग खिदळला. इत्सेलने नजर वर केली नाही.

सान हासिंतोच्या शाळेत लिक आठवडाभर हेच शिकवत होते. थांबा, तीनपर्यंत मोजा, स्वतःच्या डोक्याने ठरवा, मोठ्याने नाही म्हणा. सगळ्यांनी एकाच वेळी तीनपर्यंत मोजायचं आणि सगळ्यांनी एकाच वेळी स्वतःच्या डोक्याने ठरवायचं.

आज शेवटचा दिवस. पहिल्या रांगेत नगरपालिकेच्या एल्विराबाई, गावाच्या दोन्या एल्विरा, बसल्या होत्या. त्यांना काम पटलं, तर पंचक्रोशीतल्या सगळ्या शाळा लिकना मिळणार होत्या. नाही पटलं, तर पुन्हा मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात गिऱ्हाइकांची वाट बघत उभं राहायचं. योगायोगाने आज लिकचा वाढदिवसही होता. हा योगायोग त्यांनी सोमवारपासून रोज वर्गाच्या कानावर घातला होता. शेवटी मुलांनी इत्सेलच्या आईकडून केक करवून घेतला आणि इत्सेल तो गावाबाहेरच्या वस्तीवरून बसने, मांडीवर घेऊन आली.

केक पुढे सरकवला गेला. उलिसेसने टेबल बडवायला सुरुवात केली. हा वर्गाचा म्होरक्या. 'स्वतंत्र विचाराचा' असा बिल्ला लिकनी त्यालाच दिला होता.

"चा-वा! चा-वा!"

सान हासिंतोत वाढदिवस म्हटला की हात पाठीमागे, तोंड केकात आणि वाकलेल्या मानेवर कुणाचा तरी पंजा. बरबटलेलं तोंड वर काढायचं आणि हसायचं. जो हसत नाही त्याला गाव पुढच्या वाढदिवसापर्यंत सोडत नाही.

लिकना क्रीमची शिसारी होती. कोट नवा होता. ते थांबले. एक, त्यांनी मनात मोजलं.

"लिक घाबरले रे!" उलिसेस ओरडला. "अहो, आमच्या आजीनेसुद्धा घेतलाय चावा, कवळी काढून!"

दोन. आता दोन्या एल्विराही टाळ्या वाजवत होत्या. "चला हो लिक, मुलांचं मन मोडू नका!"

तीनपर्यंत लिक पोचलेच नाहीत. त्यांनी हात पाठीमागे घेतले, आपणच ही कल्पना काढल्यासारखे हसले आणि वाकले. उलिसेसचा पंजा वर गेला.

"लिक, नका." इत्सेल टेबलापाशी आली होती. "नका वाकू, त्यात..."

"पोटातून, बाळ, पोटातून!" लिक वाकल्या वाकल्या म्हणाले.

हशा पिकला. चा-वा! चा-वा!

इत्सेलने दोन्ही हातांनी केक ढकलून दिला.

तो फरशीवर असा आपटला की क्रीम दोन्या एल्विरांच्या बुटांवर उडालं. उलिसेसचा पंजा ठरल्याप्रमाणे खाली आला आणि लिकचं कपाळ रिकाम्या टेबलावर आदळलं.

मग वर्गाला कंठ फुटला.

"मुकी पिसाळली!"

"स्वतःच्या आईचा केक, काय बाई तरी!"

"हिला कुणी वाढदिवसाला बोलवत नाही ना, म्हणून जळते."

केककडे कुणी पाहिलं नाही. सगळे तिच्याकडे पाहत होते. तिने तोंड उघडलं.

"आता बोलू नकोस," कपाळ चोळत लिक म्हणाले. "बोलायचं कसं ते आठवडाभर शिकवत होतो, तेव्हा गप्प बसलीस."

मग दोन्या एल्विरांकडे वळून त्यांनी आवाजात हवं तेवढं दुःख आणलं. "एवढी मुलं घडली. एखादं असं निघतंच."

दोन्या एल्विरांनी मान डोलावली. असल्या पोरीपुढेही हा माणूस चिडला नाही, हे त्यांना फार आवडलं. सगळ्या शाळा लिकना मिळाल्या, तिथल्या तिथे. प्रमाणपत्रं वाटली गेली, एक सोडून. अंगणात फोटो निघाला. त्यात सगळ्यांचे हात पुढे आहेत आणि सगळ्यांची तोंडं 'नाही' म्हणताना एकसारखी उघडी आहेत.

वर्गात इत्सेल गुडघ्यावर बसून केकचा लगदा बादलीत भरत होती.

सकाळी निघण्याआधी, बसच्या धक्क्यांनी थर घसरू नयेत म्हणून, तिच्या आईने केकमध्ये मांस भाजायच्या बांबूच्या काड्या उभ्या खोचल्या होत्या, अणकुचीदार टोकं वर, क्रीमच्या जेमतेम खाली.