ओव्याची धुरी

“बाळाला धुरी देऊ नका हं, आपले डास पळतात,” असं नर्स मार्लीननं बजावलं, तेव्हा केतकी मनात हसली होती. त्रिनिदादमध्ये लसीच्या सुया केव्हाच बंद झाल्या होत्या. प्रयोगशाळेत वाढवलेले डास संध्याकाळी सोडत. ते चावले की डेंग्यूची लस मिळे. शेजारणी उघड्या अंगाची बाळं घेऊन ओट्यावर बसत. केतकी मात्र दारं लावून, आईनं पाठवलेला ओवा नि वेखंड निखाऱ्यावर टाकी. “माझ्या रेवाच्या अंगावर डासाची एक गांधी दाखवा,” असं वर तोऱ्यात म्हणे.

मग पाळणाघरात भरदुपारी तिला डेंग्यूचा रानडास चावला. आता रेवा वॉर्डात तापानं फणफणत होती, आणि सलाईनसाठी शीर सापडत नव्हती.

“एवढ्या सुयांपेक्षा डास बरा होता ना,” मार्लीन म्हणाली. “गल्लीत आणखी कोण देतं धुरी?”

केतकीनं घाईनं फोन लावला. समोरच्या इंद्राणीच्या जुळ्यांसाठी ओव्याची पुडी तिनंच दिली होती. इंद्राणी फोन उचलत नव्हती.

रेवाला सोडून ती जाणार कशी? तुम्ही त्या बाजूला असाल, तर इंद्राणीच्या निळ्या फाटकाच्या घरात डोकावून या. ओव्याचा वास आला, तर खिडक्या उघडा. पण आधी दोघांच्या कपाळाला हात लावून बघा.