हातातला जोर
हे केदार कुणाला सांगणारच नव्हता. दसऱ्याला पूजेआधी त्याने शाळेतल्या मैत्रिणीच्या, नीरजाच्या बाबांची जुनी गाडी धुतली. पॉवर स्टिअरिंगचं तेल कमी दिसलं, म्हणून घरात उरलेलं ब्रेक ऑइल ओतलं. आतली रबरं फुगली, तेल गळालं, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. चूक त्याला व्हिडिओ बघून कळली, पण तो गप्प बसला. काकांना वाटलं, आपल्याच हातातला जोर गेला. नारायण पेठेत गाडी वळवताना ते घामाघूम झाले. घरी येऊन त्यांनी चावी नीरजाला दिली. “विकून टाक.” आज ती गिऱ्हाईक शोधायला केदारकडेच आली. “लोणच्याच्या बरणीचं झाकणही बाबा आता माझ्याकडून उघडून घेतात.” केदारने सगळं सांगितलं. “वा, मेकॅनिकसाहेब! गाडी होईल दुरुस्त. बाबांचं काय?” “आत्ता येतो तुझ्याबरोबर. काकांना सांगतो, हात तुमचे ठीक आहेत, गाडी मी बिघडवली.”