काळी चार

"ह्यातली लवकर येनारी कंची?" झुंबरबाईनं विचारलं.

छगन मिस्त्री पेट्यांवरून फडकं फिरवत होता, तो थांबला. नगरच्या माळीवाड्यात पेट्या विकण्यात आणि दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता, पण असं गिऱ्हाईक पहिलंच. "बाई, पेटी म्हंजे काय ताप हाय व्हय, लवकर यायला? शिकावी लागती ती."

"शिकते की! पर मढीच्या जत्रंला वाजली पायजे."

"यंदाच्या?"

"मग काय पुढच्या?"

मढीची जत्रा तर तोंडावर आली होती. मिस्त्रीला हसू येणार होतं, पण बाईच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं ते गिळलं. हसण्यासारखं काही नव्हतंच. सहादेवच्या तमाशात झुंबरबाई सोनईकर म्हणून ती गायची. दिवाळीत तिला ताप आला आणि जाताना गळा घेऊन गेला. सहादेवनं थोडी वाट पाहिली, मग सरळ सांगितलं, "तुझा गळा गेला, आता पोरीच्या पायात चाळ बांध. न्हाईतर उचल बिऱ्हाड." असला दुष्काळ! माणसं खडी फोडायला मिळावी म्हणून भांडत होती. बिऱ्हाड उचलून जायचं कुठं? नेमका त्याच वेळी फडाचा पेटीमास्तर पळाला. झुंबरबाईनं सहादेवचे पाय धरले. "मालक, पेटी मी वाजवते. पर माज्या इजीला तमाशात उभी करू नका." सहादेव म्हणाला, "बघू." त्या एका 'बघू'वर ती नगरला आली होती.

सहादेव समोरच्या हॉटेलात चहा पीत बसला होता. विजी आईच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. तिला ताकीदच होती की माणसांत गुणगुणायचंसुद्धा नाही. कारण पोरीला गळा होता, आणि ते आईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मिस्त्रीनं एक लहान पेटी पुढं सरकवली. "नवशिक्याला ही बरी. एकेरी सूर, भाता हलका."

"तंबूत पार मागल्या मान्साला ऐकू जाईल?"

"छ्या! ही भजनातली. देवळापुरती."

"मग नको. मोठ्यानं वरडनारी द्या."

त्यानं दुहेरी सुरांची काढली. झुंबरबाई मांडी घालून बसली. डाव्या हातानं तो जड भाता रेटायला लागली आणि उजव्या हाताच्या एकाच बोटानं पट्ट्या टोचायला लागली, बटाटा शिजला का बघावं तशी. पेटी कण्हली, किंचाळली. बाईला दरदरून घाम फुटला.

"येतंय की," ती म्हणाली. "व्हय ना, मिस्त्री? येतंय ना?"

मिस्त्रीनं पेटी आपल्याकडं फिरवून घेतली. "तुमची गायची पट्टी कंची? त्या पट्टीत ही कशी बोलती ते तरी बघू."

"काळी चार," ती चटकन म्हणाली.

त्यानं चौथी काळी पट्टी दाबून धरली. सूर दुकानभर झाला. "हां, लावा."

जन्माची सवय. झुंबरबाईनं डोळे मिटले, हात कानाशी नेला, तोंड उघडलं. नुसती खरखर आली. मिस्त्रीनं मान खाली घातली.

विजीला ते बघवलं नाही. आईची लाज झाकावी म्हणून तिनं मागून सूर दिला.

असा लागला की मिस्त्री भाता हलवायचं सोडून बघतच राहिला. "आरं तिच्या मायला!" म्हणत त्यानं पुन्हा हवा भरली आणि बोट वर सरकवलं. काळी पाच. पोरगी तिथंही गेली. मग मिस्त्री रंगलाच. बिचाऱ्याला काय माहीत!

"मिस्त्री, थांबा! इजे, गप!" झुंबरबाई ओरडली. पण ओरडायला गळा कुठं होता? तिचं तिलाच ऐकू आलं. रस्त्यापलीकडं सहादेवनं चहावरून डोकं वर काढलं.

तिनं पेटीवर झडपच घातली. दोन्ही तळहात पट्ट्यांवर आपटले आणि अंगातलं सगळं बळ लावून दाबून धरले. मिस्त्रीचा हात भात्यावर चालूच होता. सगळे सूर एकदम बोंबलले. पोरीचा आवाज बुडावा, एवढंच तिला पाहिजे होतं. विजीला मात्र वाटलं, आई साथ करतेय. ती खुदकन हसली आणि त्या गोंगाटाच्या वर पोचायला तिनं आवाज आणखी चढवला.

पेटी थांबली तेव्हा सहादेव दारात उभा होता. चहाची बशी हातात तशीच.

"मिस्त्री, कंची बी पेटी बांधा," तो म्हणाला. "वाजवनारा मी हुडकतो."

"मालक, मी शिकते. रातध्याड बसते. मालक, पाया पडते तुमच्या."

सहादेवचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. आजवर त्यानं विजीला 'ए पोरी'पलीकडं हाक मारली नव्हती. "नाव काय गं तुझं? पुरं सांग."

"विजयमाला."

त्यानं डोळे बारीक केले आणि तंबूच्या दारावरची पाटी वाचावी तसं सावकाश म्हटलं, "विजयमालाबाई सोनईकर."

विजी लाजून लाल झाली. आईचा दंड धरून हलवत म्हणाली, "आये, ऐकलंस का? मला बाई म्हनले!"