ओके म्हणा

“म्हणा ओके!” सुपरवायझर तिच्या डोक्यावर उभा राहून ओरडला.

तपासणीच्या लाकडी उतारावर बाबागाडी उभी होती, आत बाळाच्या वजनाची वाळूची पिशवी. तिने पुन्हा ब्रेक दाबला, हात काढले. गाडी क्षणभर थांबली आणि मग सावकाश, कुणीतरी ढकलल्यासारखी, खाली घसरली.

तपासणाऱ्या बाईने मोठ्याने ‘ओके’ म्हटल्याशिवाय या कारखान्यात पॅकिंगवाल्या बायका मालाला हात लावत नसत. एरवी हा शब्द दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या तोंडात असायचाच. रजा मागितली की ‘ओके, बघू’, म्हणजे विसरा. नवरा फोनवर ओके म्हणाला की समजायचं, त्याने ऐकलेलंच नाही. आज सकाळी पाळणाघरातल्या बाईही ओके म्हणाल्या होत्या, आणि तेवढ्या एका शब्दावर ती पोटचा गोळा तिथे ठेवून आली होती.

“ट्रक दारात उभाय. आणि जरा घसरली तर काय बिघडलं? आई असते ना धरायला?”

“जरा नाही, साहेब. थांबतच नाही ती. हा सगळा माल असाच आहे.”

“बाळंतपणाची रजा संपवून आलात आणि डोकं घरीच ठेवून आलात! तुमच्या जागी होती ती पोरगी बघा. ओके, ओके, ओके. कधी कटकट नाही. बोलावू का तिला परत? कायमची?”

“म्हण की गं बाई एकदाचं,” पॅकिंगवाली मावशी खोक्यांमागून करवादली. “तुझ्यापायी आमचा खोळंबा. आम्हाला काय पोरंबाळं नाहीत?”

ही नोकरी गेली तर मांडीवर पोर असलेल्या बाईला दुसरी कोण देणार? ती उतारापासून बाजूला झाली.

“तुम्ही म्हणा, साहेब. ब्रेक लावा, हात काढा आणि सगळ्यांसमोर म्हणा.”

“त्यात काय मोठंसं!” त्याने गाडी हिसडून वर ओढली, ब्रेकवर बूट आपटला. “बघा गं सगळ्या. ओके!”

त्याने हात काढले. गाडी अजून जागची हललीही नव्हती, आणि त्याचा पाय चाकापुढे जाऊन बसला होता.