पुसायची राहिलेली फाईल

पहिला फटका केबिनच्या काचेवर बसला. दुसरा पंख्यावर. तिसरा बसायच्या आत कॉम्प्युटरवाली टेबलाखाली शिरली होती.

"बाहेर ये!"

थोरल्याचा आवाज. कारखान्यात दोघे भाऊ होते. थोरला शिफ्टचा मुकादम, धाकटा प्रेस मशिनवर. आठ दिवसांपूर्वी प्रेस धाकट्याच्या उजव्या हातावर आली आणि पंजा पत्र्यासारखा चपटा झाला. आत हात दिसला की सेन्सरने प्रेस थांबवायची. ती थांबली नाही. साहेब म्हणाले, सेन्सर ठणठणीत होता, पोरगाच बेसावध. कामावरून नाव कमी.

थोरल्याने दंड धरून तिला ओढून काढलं. तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. भुवईतून रक्त गालावर आलं.

तासाभरापूर्वी. फाईल सव्वीस. वजनकाट्याची. जुनी. पुसली.

फाईल सत्तावीस. गेटची. जुनी. पुसली.

रविवारी सगळ्या मशिनींवर नवी सिस्टिम चढली होती. ती जुन्या सेटिंगच्या फायली फेकून देत नाही, शेजारी ठेवून देते; घर बदलताना कोपऱ्यात राहिलेल्या गाठोड्यांसारख्या. सकाळपासून कॉम्प्युटरवाली तीच गाठोडी सोडत होती. जुनी उघडायची, नवीशी ताडून बघायची, पुसायची. साहेबांचा हुकूम होता, जेवणाच्या सुट्टीआधी सगळं चकाचक.

फाईल अठ्ठावीस. प्रेसची. नवीत सेन्सर चालू. जुनीत सेन्सर बंद.

तिथे तिचा हात थांबला होता.

"प्रेसची पुसलीस?" लोखंडी रॉड कीबोर्डवर पडला, तिच्या बोटांपासून वीतभर. बटणं लाह्यांसारखी उडाली. "तोंड उघडतेस, की टाळकं उघडू?"

"नाही पुसली, दादा! आईशपथ!"

तिचा जीव जरा भांड्यात पडला. भावासाठी पेटलाय, पेटणारच. आणि त्याला हवं ते उत्तर तिच्याकडे होतं.

"सेन्सर बंदच होता. तुमच्या भावाची काडीचीही चूक नव्हती. उद्या चौकशीवाले आले की मी स्वतः दाखवणार आहे."

रॉड तिच्या मनगटावर आला. हाड मोडल्याचं तिने आधी ऐकलं, मग तिला कळलं.

"पुस," थोरला म्हणाला.

"दादा..."

"दुसऱ्या हाताने पुस! आणि पुसायच्या आधी खाली काय लिहिलंय तेही वाच. चौकशी हवीय ना तुला? वाच!"

तिच्या आधीचा कॉम्प्युटरवाला शिस्तीचा माणूस. सेटिंग बदललं की कोणाच्या सांगण्यावरून, ते तो खाली लिहून ठेवायचा. ती 'बंद'पाशीच अडकली होती, खाली गेलीच नव्हती. आता गेली.

माल लवकर निघावा म्हणून. सांगणारा, शिफ्टचा मुकादम.

तिने मान वर केली. थोरला हमसाहमशी रडत होता. रॉड मात्र पुन्हा तिच्या डोक्यावर उगारलेला.

"आता पुसून काय होणार?" ती कण्हत म्हणाली. "अर्ध्या तासापूर्वीच धाकट्याला पाठवली मी. अख्खी."

रॉड खाली आला नाही. वरही राहिला नाही. कुठेतरी मधेच लोंबकळला.

काचांच्या ढिगात तिचा फोन थरथरला. तिला उचलता येईना. थोरल्यानेच उचलला. धाकट्याचं उत्तर आलं होतं, डाव्या हाताने, एका ओळीचं.

"ताई, मला तेव्हाच माहीत होतं, पुसून टाका, दादाला लेकरं आहेत."